पाट्या तीन, मालक एक: आपल्याकडच्या पेट्रोल पंपांची पार्श्वभूमी

शिरवळहून सातारा, कराड करत पेठनाक्यापर्यंत आलं की महामार्गाच्या दोन्ही अंगांना पंपच पंप. कुठं इंडियन ऑइल, कुठं भारत पेट्रोलियम, कुठं एचपी. दरातला फरक मात्र पैशांचा, तोही बहुतेक वाहतूक खर्चामुळं पडलेला. एवढी दाटी असून कुणीच दर का पाडत नाही? याचं उत्तर पंपमालकाकडं नाही. ते पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीत झालेल्या निर्णयांत आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी तेलाचा धंदा परदेशी कंपन्यांच्या मुठीत होता. बर्मा ऑइल आणि शेल यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन बर्मा शेल उभी केली होती. तिच्या जोडीला अमेरिकी स्टॅनव्हॅक, म्हणजे पुढची एस्सो, आणि कॅल्टेक्स. १९५९ मध्ये सरकारनं इंडियन ऑइल काढली ती या मक्तेदारीला शह द्यायला. पुढच्याच वर्षी रशियानं स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, पण ते आपल्या रिफायनऱ्यांत घ्यायला या कंपन्यांनी नकार दिला. इंडियन ऑइल मग रशियाहून तयार माल आणून विकू लागली. माझ्या मते, पंपांच्या धंद्यात खरी चुरस होती ती त्या दहा-पंधरा वर्षांत, कारण तेव्हा मालक खरोखरच वेगळे होते.

१९७४ मध्ये सरकारनं एस्सो ताब्यात घेतली आणि तिची हिंदुस्थान पेट्रोलियम, म्हणजे एचपी, झाली. १९७६ मध्ये बर्मा शेलही सरकारकडं आली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम पडलं. १९७८ मध्ये कॅल्टेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली. भिलवडी स्टेशनजवळच्या हजारवाडी डेपोतून एचपीचे जे टँकर निघतात, त्या कंपनीचं मूळ असं दोन अमेरिकी कंपन्यांत आहे. जुन्या लोकांना आयबीपीची पाटी आठवत असेल, तीही २००७ मध्ये इंडियन ऑइलमध्ये गेली. दर सरकारनंच ठरवायचा म्हटल्यावर कंपन्यांची स्पर्धा उरली ती जागेची: मोक्याचा नाका कुणाला मिळतो, एवढीच.

ही सरकारी मालकी मोडायचे प्रयत्न झाले. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायला निघाल्या, तेव्हा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संसदेच्या कायद्यानं घेतलेल्या कंपन्या संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा तेल उपसणाऱ्या ओएनजीसीनं ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला, पण ओएनजीसीही सरकारचीच. भारत पेट्रोलियमच्या विक्रीला २०१९ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि २०२२ मध्ये ती विक्री गुंडाळली गेली.

खासगी पंपांची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. १ एप्रिल २००२ पासून सरकारी दरनियंत्रण कागदोपत्री संपलं. रिलायन्स, एस्सार, शेल उतरल्या. रिलायन्सचे प्रशस्त पंप ट्रकवाल्यांना आवडू लागले. तेवढ्यात कच्चं तेल भडकलं, २००८ च्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. सरकारनं दर वाढू दिले नाहीत. तोटा भरून द्यायला रोखे, म्हणजे पुढं पैसे देण्याची सरकारी हमी, दिले, पण ते फक्त सरकारी कंपन्यांना. रिलायन्सनं पंप बंद केले. कर्ज काढून पंप उभारलेल्या डीलरांचे त्यात हाल झाले, आणि त्यांचा काहीही दोष नव्हता. पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये दरनियंत्रणातून मोकळं झालं, तेव्हा खासगी कंपन्यांना पुन्हा धीर आला. एस्सारचे पंप रशियाची रोसनेफ्ट आणि तिच्या भागीदारांनी २०१७ मध्ये घेतले, तेच आता नायरा. रिलायन्सनं ब्रिटनच्या बीपी कंपनीला सोबत घेतलं, तेच जिओ-बीपी. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर सरकारी पंपांवरचे दर पुन्हा गोठले आणि खासगी पंपांची कोंडी झाली. पुढच्या वर्षी कच्चं तेल उतरल्यावर नायरा आणि जिओ-बीपी लिटरमागं रुपयानं स्वस्त विकू लागल्या. सरकारी कंपन्यांनी दर तसेच ठेवले.

म्हणून आपल्याकडं दराची स्पर्धा दिसते ती दोन राज्यांच्या करांत. कर्नाटकात कर कमी असताना सीमेवरच्या म्हैसाळची माणसं पलीकडं कागवाडला जाऊन टाकी भरायची आणि महामार्गावरचे ट्रक निपाणीपर्यंत दम धरायचे. झळ बसायची ती महाराष्ट्राच्या बाजूच्या डीलरला. दर त्याच्या हातात नाही, कमिशन लिटरमागं कंपनीनं ठरवलेलं, आणि २०१७ नंतर ते वाढलं ते थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये.