टायरवरची तपकिरी झाक म्हणजे जुना माल नव्हे

पुण्याच्या नाना पेठेत टायर घेताना हमखास कानावर येतं, "तपकिरी पडलाय, जुना माल आहे, घेऊ नका." हे खरं नाही. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला तडे पाडतो, म्हणून रबर मळतानाच त्यात मेण आणि ६पीपीडीसारखं ओझोनरोधक रसायन घालतात. दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येतात. मेणाचा पातळ थर बसतो. रसायन रबराच्या आधी स्वतः ओझोनशी झुंजतं आणि त्यातच तपकिरी होतं. ही झाक नव्या टायरवरही येते. डिझेलच्या फडक्याने ती पुसून काढणं तर टायरचंच नुकसान! वय बघायचं तर बाजूवरचे लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसले, तर मात्र टायर कितीही काळाकुळकुळीत असो, घेऊ नका.