वळीव बसून गाठायचा

मे महिन्यातली दुपार होती. कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या टेकडीवरून पूर्वेला एक ढग फुगताना दिसला आणि मी कॅमेरा गळ्यात अडकवून मोटरसायकल हातकणंगल्याच्या दिशेनं सोडली. पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तिथं रस्ता ओला होता, ढगाच्या जागी नुसत्या चिंध्या. मागं वळून बघतो तर कोल्हापूरच्या डोक्यावर दुसराच ढग काळाकुट्ट होऊन बसलेला. घरी फोन लावला. आई म्हणाली, "हितं गारा पडाय लागल्यात. तू कुठं फिरायलायस?"

फजितीचं कारण नंतर वाचनात सापडलं. अमेरिकेच्या सपाट मैदानांत वादळाचा पाठलाग करणारे एकाच ढगामागं शेकडो किलोमीटर गाडी हाकतात. तिथं उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्यानं बदलतात. त्यामुळं वर चढणारी हवा एकीकडं आणि कोसळणारा पाऊस दुसरीकडं राहतो, आणि ढग तासन्‌तास जगतो. आपल्या वळवाच्या ढगात पाऊस बहुतेक वेळा स्वतःच्याच चढत्या हवेवर पडतो आणि तिला दाबून टाकतो. बसल्या फांदीवर घाव घालण्यातलाच प्रकार. १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत विमानं थेट गडगडाटी ढगांत घालून शास्त्रज्ञांनी ही जीवनकथा मोजली. अशा एकट्या ढगाचं आयुष्य अर्ध्या तासापासून फार तर तासाभराचं.

मात्र जाता जाता तो एक काम करून जातो. पावसाबरोबर खाली आलेली गार, जड हवा जमिनीवर पसरते, पाचरीसारखी पुढच्या गरम दमट हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते. तिथं नवा ढग उभा राहतो. माझ्या पाठीमागं उगवलेला ढग बहुधा असाच आला होता. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: कोल्हापुरात वळवामागं धावायचं नाही. जागा धरून बसायचं.

जागा पश्चिमेची हवी. जूनचा पाऊस पश्चिमेच्या गगनबावड्याच्या बाजूनं येतो, पण वळीव बऱ्याचदा पूर्वेच्या अंगानं येतो. तो उठतो दुपारनंतर, म्हणजे सूर्य पश्चिमेला झुकल्यावर. पन्हाळ्याच्या वाटेवर पूर्वेकडं तोंड करून थांबलं की ऊन तुमच्या पाठीवर आणि थेट ढगाच्या अंगावर. शहरातून डोक्यावरचा ढग बघितला तर फक्त त्याची काळी बूड दिसते. जाड ढगातून प्रकाश खाली झिरपतच नाही. तोच ढग वीस किलोमीटरवरून बघा, पांढराशुभ्र डोंगर दिसेल.

इंद्रधनुष्याचा हिशोबही इथंच. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर उमटतं. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सगळी कमान जमिनीखाली जाते. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तो ४२ अंशांपर्यंत उतरायला दुपारचे चार वाजतात. त्याआधी कितीही पाऊस पडो, आकाशात इंद्रधनुष्य शोधत बसू नये.

चारच्या आत ढगाचं डोकं वाचायला शिकावं. सुरुवातीला ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं, कडा कशा कोरून काढल्यासारख्या. तिथं अजून पाण्याचे थेंब आहेत. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी तयार होताना सुटलेल्या उष्णतेत सात-आठ लिटर साधं पाणी उकळीला येईल. ढग वर रेटला जातो तो या इंधनावर. मग एका क्षणी कडा पुसट होतात, डोकं पिंजलेल्या कापसासारखं होतं. याचा अर्थ वर बर्फ झाला. बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, विद्युतभार वेगळे होतात, आणि थोड्याच वेळात पहिली वीज. कापूस दिसला की मी ट्रायपॉड उघडतो.

विजेचा फोटो बोटाच्या चपळाईनं निघत नाही. डोळ्यानं बघून बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, तोवर खेळ संपत आलेला असतो. तरी कधी कधी फोटो मिळून जातो, कारण जी वीज आपल्याला एक वाटते तिच्यात सहसा एकाच वाटेनं तीन-चार झटके असतात; ती लुकलुकते ती त्यामुळंच. खरा उपाय म्हणजे अंधार पडल्यावर शटर आधीच उघडं ठेवायचं, दहा-पंधरा सेकंद, आणि वीज येईपर्यंत तेच करत राहायचं. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, भिंगाचं छिद्र एफ ८, फोकस हातानं अनंतावर. गंमत अशी की शटर पाच सेकंद उघडं असो वा वीस, वीज तेवढीच उजळ येते. तिचा एक झटका सेकंदाच्या काही हजाराव्या भागातच आटोपतो, तेव्हा तिची उजळी छिद्र आणि आयएसओ ठरवतात. शटरच्या वेळेनं फक्त आजूबाजूचं आभाळ उजळतं. मोबाइलवाल्यांनी सरळ व्हिडिओ काढावा आणि नंतर त्यातलं चित्र वेगळं करावं.

१८८२ साली फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज या छायाचित्रकारानं विजेच्या सुरुवातीच्या फोटोंपैकी एक काढला. तोवर चित्रकार वीज काटकोनी नागमोडी रंगवत. फोटोत निघाली झाडाच्या मुळांसारखी फाटे फुटलेली. आपल्या मीटरच्या पेटीवर मात्र ती अजून जुनीच आहे.

आता भीतीची गोष्ट. पन्हाळ्यासारखी उंच, मोकळी जागा फोटोला सर्वांत चांगली आणि जिवाला सर्वांत वाईट. भारतात विजेनं दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यात शेतात आणि झाडाखाली थांबलेली बरीच. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही टप्प्यात आहात, कारण वीज पावसाच्या कडेपासून दहा किलोमीटरवरही पडते, स्वच्छ आभाळाखालीसुद्धा. बंद चारचाकीत बसावं. टायरच्या रबरानं काही होत नाही, वाचवतो तो भोवतीचा पत्रा. मोटरसायकलवर हा पत्रा नसतो, हे मला हातकणंगल्याच्या रस्त्यावर सुचलं नव्हतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मी निघायच्या आधी उघडतो. आणि मातीच्या वासाचा गार वारा अंगावर आला की कॅमेरा आवरतो. ती तीच पाचर, ढगातून सुटलेली.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काचेआडच. पण तेवढ्यात सगळ्यांत सुंदर फोटो मिळतो. ढगाचा माथा पंधरा-सोळा किलोमीटरवर, जिथं हवा आणखी वर जाऊ देत नाही, तिथं लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला असतो. खाली कोल्हापुरात सूर्य मावळतो, तरी एवढ्या उंचीवर ऊन आणखी पंधराएक मिनिटं टिकतं. खाली दिवे लागलेले, रस्ते ओले, आणि पूर्वेला तो थकलेला ढग आधी केशरी, मग गुलाबी, मग राखाडी होत जातो. अधूनमधून आतून उजळतो. आवाज मात्र येत नाही.