मर्यादेबाहेरील स्कूबा डायव्हिंग : दीर्घकालीन आरोग्य-परिणाम

पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी खोली, तिथला मुक्काम, वर येण्याचा वेग आणि दोन डुबक्यांमधली विश्रांती यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात. त्या वारंवार ताणल्या तर हाडे, मज्जारज्जू, मेंदू आणि आतला कान यांना कायमची इजा होऊ शकते. वर आल्यानंतर काही मिनिटांत किंवा तासांत जाणवणारा विसंपीडन विकार, म्हणजेच ‘बेंड्स’, सर्वांना माहीत असतो. या नोंदीचा विषय त्यापुढचा आहे : उपचार होऊनही मागे राहणारी इजा आणि बेंड्स कधी न होताही मुकाट वाढत गेलेली इजा.

छंद म्हणून डायव्हिंग करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्थांनी घालून दिलेली कमाल खोली ४० मीटर आहे. नवशिक्यासाठी ती १८ मीटर आणि पुढच्या पायरीवर ३० मीटर असते. वाटेत न थांबता थेट वर येता यावे यासाठी खालचा मुक्कामही मर्यादित असतो. साधी हवा घेताना १८ मीटरला तो साधारण ५५ मिनिटे, ३० मीटरला २० मिनिटे आणि ४० मीटरला जेमतेम ९-१० मिनिटे भरतो. खोलीनुसार मुक्काम सांगणाऱ्या तक्त्यागणिक हे आकडे थोडे बदलतात. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हा रिवाज आता सर्वत्र रुळला आहे. एकेकाळी मिनिटाला १८ मीटर हाच वेग सुरक्षित समजला जाई.

मर्यादा कशा ठरल्या. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. ३० मीटरवर डायव्हर चार वातावरण दाबाची हवा घेत असतो आणि तिच्यातला नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळत जातो. वर येताना दाब झपाट्याने उतरला, की तोच वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सर्व ऊती सारख्या वेगाने भरत नाहीत. रक्तपुरवठा भरपूर असलेला मेंदू काही मिनिटांत भरतो. चरबी, सांधे आणि हाडांतली पिवळी मज्जा यांना तास लागतात, आणि रिकामे व्हायलाही तितकेच तास लागतात. चरबीत नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो, त्यामुळे तिथला साठाही मोठा असतो.

ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये पहिले शास्त्रशुद्ध तक्ते मांडले. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि त्यांचे अर्धकाल (कप्पा निम्मा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ) ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटे धरले. प्रयोग शेळ्यांवर झाले. दाबाच्या कोठीतून बाहेर काढलेली शेळी पाय उचलून धरू लागली, की तिला बाधा झाली असे समजायचे. मापदंड लक्षणाचा होता. पाय न उचलणाऱ्या शेळीच्या हाडात काय घडले, हा प्रश्न त्या मोजणीत आला नाही, आणि पुढच्या बहुतेक तक्त्यांनीही मुख्यतः लक्षणेच मोजली. मर्यादेच्या काठावर वर्षानुवर्षे डायव्हिंग करून ‘मला कधी काही झाले नाही’ असे सांगणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी : त्याने शेळीची परीक्षा उत्तीर्ण केली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खोली आणि वेळ मोजून उरलेला मुक्काम दाखवणारे आजचे बरेच डाइव्ह कॉम्प्युटर स्विस शास्त्रज्ञ आल्बर्ट ब्यूलमान यांच्या १६ कप्प्यांच्या गणितावर चालतात. त्यातल्या सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल ६३५ मिनिटे आहे. साठलेला जादा वायू जवळपास पूर्ण जायला सहा अर्धकाल लागतात, म्हणजे इथे अडीच दिवसांहून अधिक. रोज चार डुबक्या असा सहा दिवसांचा बोटीवरचा कार्यक्रम असला, तर हा कप्पा आठवडाभर रिकामा होतच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र रोज सकाळी ‘सुरक्षित’ सांगणारी हिरवी पट्टी दिसते.

हाडे : दाबजन्य अस्थिमृत्यू. दीर्घकालीन इजांपैकी सर्वांत नीट सिद्ध झालेली ही इजा आहे. बंद कोठीत दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या कामगारांमध्ये ती १९११ च्या सुमारास, म्हणजे क्ष-किरण हाताशी आल्यावर, नोंदली गेली. डायव्हरमधली नोंद त्यानंतर तीसेक वर्षांनी झाली. हाडाचे कवच ताठर असते. आतल्या चरबीयुक्त मज्जेत बुडबुडे झाले, की वाढलेल्या आकारमानाला पसरायला जागा मिळत नाही. आतला दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात, काही ठिकाणी बुडबुडे आणि त्यांच्याभोवती जमलेल्या गुठळ्या त्या बंदच करतात. रक्त न मिळालेला हाडाचा तुकडा मरतो. मेलेले हाड लगेच खचत नाही. शरीर ते पोखरून नवे हाड भरू लागते आणि या दुरुस्तीच्या काळात ते कमजोर होते.

इजेची जागा कोणती, यावर सगळे ठरते. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा दांडा आणि नडगीचा वरचा भाग इथे झालेले डाग बहुधा जन्मभर मुके राहतात. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात ते सापडतात. खांद्याच्या किंवा खुब्याच्या गोळ्यात, सांध्याच्या पृष्ठभागालगत डाग असला तर गोष्ट वेगळी. तिथे कूर्चेखालचे हाड खचते, गोळा चपटा होतो आणि संधिवात जडतो. डायव्हरमध्ये खुब्यापेक्षा खांदा जास्त सापडतो. कोपर, मनगट आणि घोटा सहसा सुटतात. हात डोक्यावर नेताना खोल, बोथट दुखणे हे पहिले लक्षण असते. त्याला ‘सिलिंडर उचलून खांदा भरला’ असे म्हणून मलम चोळत राहण्याची चूक सर्रास होते. सांधा खचल्यावर बहुतेकदा तो बदलण्याची शस्त्रक्रिया उरते.

साध्या क्ष-किरण चित्रात बदल दिसायला काही महिने लागतात, कारण चित्रात मेलेले हाड दिसत नाही, त्याची दुरुस्ती दिसते. एमआरआयमध्ये तो बराच आधी कळतो. दारूचे व्यसन, स्टेरॉइडचा दीर्घ वापर आणि सिकलसेल या कारणांनीही असाच अस्थिमृत्यू होतो, म्हणून निदान करताना ती आधी वगळावी लागतात.

प्रमाण शिस्तीनुसार बदलते. जपानमधील शिंपले गोळा करणाऱ्या ३०१ पाणबुड्यांची तपासणी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १५२ जणांच्या, म्हणजे निम्म्यांच्या हाडांत डाग सापडले. ही मंडळी दिवसातून अनेकदा आणि तास-तास खाली राहत आणि थांबे न घेता वर येत. तक्ते काटेकोर पाळणाऱ्या नौदलांच्या डायव्हरमध्ये हेच प्रमाण थोड्या टक्क्यांवर राहते. छंद म्हणून मर्यादेत डायव्हिंग करणाऱ्यांत ते क्वचित आढळते. खोली, एकूण पाण्याखालचे तास आणि पूर्वी होऊन गेलेले बेंड्स, या तिन्हींबरोबर ते चढत जाते. जन्मभर खोल सूर मारणाऱ्या स्पर्म व्हेल देवमाशांच्या सांगाड्यांतही वयाबरोबर वाढत जाणारे अशाच प्रकारचे खड्डे २००४ मध्ये नोंदले गेले. निसर्गाने घडवलेल्या पाणबुड्याचीही सुटका नसावी.

मज्जारज्जू. हाडांची इजा वर्षांनी कळते, मज्जारज्जूची त्याच दिवशी. पण ती आयुष्यभर राहू शकते. छातीच्या पातळीवरचा मज्जारज्जू बेंड्सचे आवडते ठिकाण आहे. आधी कंबरेभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखते, मग पायांत मुंग्या येतात, पाय लटपटतात आणि लघवी अडकते. उपचाराचा मानक क्रम असा : रुग्णाला आडवे झोपवून शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि शक्य तितक्या लवकर दाबकोठीत न्यायचे. तिथे १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजनवर सुरुवात करून सुमारे पावणेपाच तासांचे पहिले सत्र होते. बहुतेक जण सुधारतात. उशीर झालेल्यांत आणि पहिल्यापासून गंभीर असलेल्यांत अडखळती चाल, मूत्राशयावरचा सुटलेला ताबा आणि लैंगिक दुर्बलता या तक्रारी मागे राहतात. सुधारलेल्यांबाबतही सावधगिरी हवी. शिल्लक चेतातंतू मेलेल्यांचे काम उचलतात, त्यामुळे माणूस धडधाकट दिसतो, पण पुढच्या खेपेसाठी राखीव काही उरलेले नसते.

मर्यादा ओलांडणे हीच नोकरी असली की काय होते, ते होंडुरासच्या मिस्किटो किनाऱ्यावर दिसते. तिथले शेवंडी पकडणारे डायव्हर खोलीमापक आणि दाबमापक नसलेल्या सामानानिशी ३० मीटरच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरत आणि दिवसाला दहा-बारा सिलिंडर रिकामे करत. गावोगावी अपंग झालेले तरुण दिसू लागले. ४२ डायव्हरांच्या वतीने गेलेल्या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी होंडुरास राज्याला जबाबदार धरले. त्यांतल्या ३४ जणांना खोल डुबक्यांमुळे अपघात झाले होते आणि १२ जण त्यात दगावले होते.

मेंदू. इथे पुरावा हाडांइतका पक्का नाही. डायव्हरच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात बारीक ठिपके सापडतात, पण वय आणि रक्तदाब यांनीही तसे ठिपके पडतात. एक धागा मात्र मजबूत आहे. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांत हृदयाच्या दोन अलिंदांमधले (वरच्या कप्प्यांमधले) गर्भावस्थेतले छिद्र पुरते बुजलेले नसते. एरवी त्याचा त्रास नसतो. डुबकीनंतर शिरांतून येणारे बारीक बुडबुडे फुप्फुसात गाळले जातात. हे छिद्र मोठे असले तर ते गाळणीला वळसा घालून थेट धमन्यांत शिरतात. ८७ हौशी डायव्हरांच्या १९९७ मधील तपासणीत मेंदूत अनेक ठिपके असलेले सगळे जण असे छिद्र असलेलेच निघाले. वर आल्याबरोबर खोकणे, शिडीवर सिलिंडरसह जोर लावणे किंवा नांगर ओढणे यांनी छातीतला दाब बदलून छिद्र उघडते. डुबकीनंतर काही तास जड काम न करण्याचा सल्ला त्यासाठीच असतो. पोटावर किंवा खांद्यावर संगमरवरासारखे जांभळे चट्टे (त्वचेवरच्या बेंड्सची खूण) वारंवार उठत असतील, तर हृदयाची बुडबुडा-सोनोग्राफी करून घ्यावी.

कान. कानाचे सर्वाधिक नुकसान उथळ पाण्यात होते, कारण पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. नाक दाबून हवा कानाकडे ढकलायला उशीर केला आणि मग जोर केला, तर आतल्या कानाचा ‘गोल खिडकी’ नावाचा पडदा फाटतो. परिणामी कानात कायमचा आवाज, उंच स्वर ऐकू न येणे, चक्कर. सर्दी असताना नाकात औषधी थेंब घालून ‘आजची ट्रिप बुडायला नको’ म्हणून उतरणारे याच वाटेने जातात. दुसरा प्रकार खोल डुबकीनंतरच्या बुडबुड्यांचा. त्यात चक्कर व ओकारी वर आल्यावर सुरू होते. पहिल्याला विश्रांती आणि कानाचा तज्ज्ञ लागतो, दुसऱ्याला दाबकोठी. म्हणून त्रास उतरताना सुरू झाला की चढल्यावर, ही वेळ लिहून ठेवावी.

फुप्फुसे आणि डोळे. कोरडी, थंड, दाट हवा आणि ऑक्सिजनचा चढा दाब यांनी व्यावसायिक खोल डायव्हरच्या बारीक श्वासनलिका वयाच्या मानाने लवकर अरुंद होताना आढळतात. हौशी डायव्हरमध्ये हा फरक नगण्य आहे. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातला त्याच्या वाट्याचा दाब) १.३-१.४ वातावरण ठेवून रोज तासन् तास पाण्यात राहणाऱ्या रीब्रीदरवाल्यांना (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणारे यंत्र वापरणाऱ्यांना) तात्पुरता लघुदृष्टिदोष येतो. तो काही आठवड्यांत उतरतो.

वादाचा मुद्दा. अपघात कधीच न झालेल्या डायव्हरलाही इजा होते का? नॉर्वेतील गोडयसुंड इथे १९९३ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सावध उत्तर दिले : काही डायव्हरांच्या हाडांत, मध्यवर्ती मज्जासंस्थेत आणि फुप्फुसांत असे बदल दाखवता येतात, बहुतेकदा ते किरकोळ असतात आणि जगण्यात अडसर आणत नाहीत, पण पुढच्या आरोग्यावर परिणाम करू शकतील अशा जातीचे असतात. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवरील डायव्हरांचा अनुभव याहून कडवट होता. लवकर वर आणणारे तक्ते कंपन्या व्यापारी गुपित म्हणून जपत. डायव्हरांना त्यांतला धोका ठरवता येईल अशी माहिती मिळाली नाही, असा ठपका युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ५ डिसेंबर २०१३ रोजी नॉर्वेवर ठेवला. ही माणसे स्कूबावाली नव्हती, वरून आलेल्या नळीतून वायू घेत, पण नायट्रोजन असो की हेलियम, वायूला टाकी आणि नळी यांतला फरक कळत नाही.

व्यवहारात मर्यादा कुठे ओलांडली जाते. क्वचितच कोणी मुद्दाम ७० मीटरला हवेवर जातो. नेहमीच्या चुका साध्या असतात. कॉम्प्युटर दुसऱ्याला वापरायला देणे, म्हणजे त्याच्या हिशेबात भलत्याच शरीराचा वायू जाणे. विद्यार्थ्यांसाठी एका तासात सात-आठ वेळा वर-खाली करणे. कॉम्प्युटर थांबा मागत असताना हवा संपत आल्यामुळे वर येणे. रात्रीच्या दारूनंतर पाणी कमी झालेल्या शरीराने सकाळची पहिली खोल डुबकी घेणे. मालवण-तारकर्लीला पर्यटक घेतात त्या काही मीटरच्या पहिल्या डुबकीचा अस्थिमृत्यूशी संबंध जोडू नये. हिशेब ठेवायचा तो हंगामभर रोज अनेक फेऱ्या करणाऱ्या मार्गदर्शकाने.

कोकण-गोव्यात आणखी एक सापळा आहे : घाट. विमानासाठीचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. थांबे न लागणाऱ्या एका डुबकीनंतर १२ तास, अनेक डुबक्या किंवा अनेक दिवसांनंतर १८ तास, थांबे घ्यावे लागले असल्यास त्याहून बराच अधिक काळ थांबायचे. हाच सल्ला सुमारे ६०० मीटरवरच्या चढाईलाही लागू आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. दुपारी गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ तिसरी डुबकी आटोपून संध्याकाळी गाडीने घाट चढणारा माणूस विमानात बसलेला नसला, तरी नियमाच्या आतच येतो.

नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण, हवेच्या तक्त्यावर वापरले तर नायट्रोजनचा साठा खरोखर कमी होतो, मात्र त्याची खोली ३३-३४ मीटरपलीकडे नेता येत नाही. तेच मिश्रण मुक्काम लांबवण्यासाठी वापरले, तर फायदा वेळेत खर्च होतो आणि हाडांच्या वाट्याला काही येत नाही. बेंड्स होऊन गेलेल्याने किंवा खांदा सहा आठवड्यांहून अधिक काळ दुखणाऱ्या व्यावसायिकाने दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे यांचा एमआरआय करून घ्यावा. डाग सांध्यालगत निघाला तर दाबाखालचे काम थांबवावे लागते. तो दांड्यात असेल तर सागरी वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरच्या सल्ल्याने, दर वर्षी तपासणी करत काम चालू ठेवता येते.