संवाद दुसऱ्याचे, राग नटावर

यानाच्या पॅनेलवर एक छोटासा मापक आहे. त्यातला पांढरा काटा सरकला आहे, म्हणजे मागच्या सामानाच्या कपाटात ऊब देणारं काहीतरी आहे. माणसाचं शरीर. वैमानिक बार्टनला वाटत होतं तो एकटाच आहे. दूरच्या ग्रहावर तापाने फणफणलेल्या सहा जणांसाठी तो औषध घेऊन निघालाय आणि इंधन अगदी मोजून, एका माणसाच्या वजनापुरतं भरलंय. कपाटातून बाहेर येते १८ वर्षांची मेरिलिन. तिला भावाला भेटायचंय. पकडले गेलो तर फार तर दंड होईल, एवढंच तिच्या मनात होतं. नियम मात्र असा, की लपून आलेल्याला यानाबाहेर टाकायचं.

टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा ऑगस्ट १९५४ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली आणि विज्ञानकथेचे चाहते आजही तिच्यावरून भांडतात. काही म्हणतात, दारावर प्रवेश बंदची पाटी होती, तरी पोरगी आत गेलीच ना? काही बार्टनला धारेवर धरतात: खुर्ची उपट, कपाटाचं दार काढून फेक, काहीतरी कर. तिसरा गट विचारतो, त्या दाराला कुलूप का नव्हतं? निघण्याआधी कपाट उघडून पाहायला असा किती वेळ लागतो? वस्तुमान वाढलं की उतरताना वेग कमी करायला जास्त इंधन लागतं, हे भौतिकशास्त्र कुणीच नाकारत नाही. पण थोडंसुद्धा राखीव इंधन न ठेवता यान पाठवायचं, हा निर्णय भौतिकशास्त्राचा नाही, माणसांचा आहे. मी या तिसऱ्या गटातला.

पण मला कुतूहल आहे ते पहिल्या दोन गटांचं, कारण आपण बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतो. काही वाईट घडलं की आधी नजर जाते माणसाकडे, त्याच्या स्वभावाकडे. तो कुठल्या कात्रीत सापडला होता, हे नंतर सुचतं. सुचलं तर.

मानसशास्त्रात याचा एक गाजलेला प्रयोग आहे. १९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्युबाचा साम्यवादी नेता फिडेल कॅस्ट्रो याच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने लिहिलेले, काही विरोधात. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं, की लेखकाला बाजू निवडायची मोकळीक नव्हती, सांगितलं तसं त्याने लिहिलंय. तरीही कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातून कॅस्ट्रोचाच असणार, असाच त्यांचा कल राहिला. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या चुकीला नाव दिलं. मराठीत तिला मूलभूत कारणारोपण दोष म्हणता येईल. परिस्थितीने करायला लावलेल्या गोष्टीचं कारण आपण स्वभावात शोधतो.

आता त्या निबंधलेखकाच्या जागी नट ठेवून पाहा. शब्द दुसऱ्याचे, कृती दुसऱ्याने ठरवलेली, निवड शून्य. आणि हे पडद्यासमोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. २००७ मध्ये नुरित ताल-ओर आणि याएल पापिरमन यांनी हे तपासलं, तेव्हा प्रेक्षक पात्राचे गुणदोष नटाच्या स्वभावाला चिकटवतात असंच दिसलं.

ठाऊक असून असं का होतं? डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. आवाज बंद केलेल्या चित्रफितीत एक बाई बोलतेय, चुळबुळतेय, अस्वस्थ दिसतेय. ती कशाबद्दल बोलतेय ते खाली अक्षरांत येतं. काही वेळा ते विषय कुणालाही संकोच वाटेल असे होते. साध्या प्रेक्षकांनी हिशेब बरोबर केला: विषयच तसा आहे, अस्वस्थ होणारच. पण काहींना ते विषय पाठ करायचं काम दिलं होतं. त्यांना विषय लक्षात राहिले, तरी निष्कर्ष निघाला तो ‘ही बाई मुळातच घाबरट’ असा. म्हणजे स्वभावाचा शिक्का मेंदू आपसूक मारतो, तो पुसायला मात्र वेगळे कष्ट लागतात. डोकं गुंतलेलं असेल तर ते कष्ट राहून जातात. आणि चांगला सिनेमा तर आपल्याला गुंतवूनच टाकतो.

त्यात ओळखीची भर पडते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं, की दूरचित्रवाणीवर रोज दिसणाऱ्या चेहऱ्याशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. नाराजीही मग आपल्या माणसावर असते तशी होते. ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत स्पॉक हे पात्र साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राला ‘आय ॲम नॉट स्पॉक’ असं नाव दिलं, तर चाहते दुखावले. १९९५ मधल्या पुस्तकाचं नाव होतं ‘आय ॲम स्पॉक’.

निमॉय यांना निदान प्रेम तरी मिळालं. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात अहमद बेस्ट यांनी जार जार बिंक्स या पात्राला आवाज आणि हालचाली दिल्या. पात्र अनेकांना आवडलं नाही, ते ठीक. पण टीकेचा रोख त्यांच्यावर वळला. त्या दिवसांत आपण जीव द्यायच्या टोकाला पोहोचलो होतो, हे त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

त्याच वर्षी केली मरी ट्रॅन यांनी इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. ‘स्टार वॉर्स’च्याच नंतरच्या एका चित्रपटात त्यांनी रंगवलेली रोझ, साथीदार फिनला वाचवण्यासाठी आपलं वाहन त्याच्या वाहनावर आदळते. तो शत्रूच्या तोफेवर झेपावत प्राण द्यायला निघालाय, ती त्याला अडवते आणि सगळ्यांचा बचाव धोक्यात येतो. तिचं चुकलं का? यावर रात्रभर वाद घालावा, इतका तो प्रश्न चांगला आहे. पण ट्रॅन यांच्या वाट्याला आली वंशावरून आणि बाईपणावरून शिवीगाळ. ती भूमिका त्यांनी लिहिली नव्हती. आणि असती, तरी त्या शिव्यांना समर्थन नव्हतंच.

म्हणून कुठल्याही वादात उतरताना मी एकच विचारतो: इथे निवड कुणी केली?

काही वेळा उत्तर थेट त्या नामवंताकडेच जातं. ‘अस्टाउंडिंग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी गुलामगिरीचं आणि वांशिक विभाजनाचं समर्थन केलं, ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या संपादकीयांत. कुणी लिहून दिलेले संवाद ते म्हणत नव्हते. नवोदित विज्ञानकथा लेखकांसाठीचा पुरस्कार त्यांच्या नावाने होता. ऑगस्ट २०१९ मध्ये डब्लिनच्या विज्ञानकथा संमेलनात तो स्वीकारताना लेखिका जनेट एंग यांनी त्यांना फॅसिस्ट म्हटलं. मोठा गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात पुरस्काराचं नाव बदललं. कॅम्पबेल यांनी एक अख्खी पिढी घडवली हे मान्य करूनही, मला तो बदल योग्य वाटतो.

आणि मेरिलिन? गॉडविन तिला वाचवण्याची नवनवी शक्कल काढायचे आणि संपादक मसुदा परत पाठवायचे. असं एकापेक्षा जास्त वेळा झालं, तेव्हा कुठे ती मुलगी यानाच्या दारातून बाहेर गेली. ते संपादक कॅम्पबेलच होते.