द बिग स्लीप (१९४६)

हॉवर्ड हॉक्सने वॉर्नर ब्रदर्ससाठी केलेला डिटेक्टिव्ह सिनेमा, रेमंड चँडलरच्या १९३९ च्या कादंबरीवरून घेतलेला. फिल्म न्वार (गुन्हेगारीवरचे काळोख्या वातावरणाचे सिनेमे) म्हटलं की जी चारपाच नावं पहिल्यांदा निघतात त्यातलं हे एक. लॉस एंजेलिसमधला खाजगी डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो (हम्फ्री बोगार्ट) एका आजारी, गडगंज जनरलच्या धाकट्या मुलीला कोण ब्लॅकमेल करतंय ते बघायला जातो आणि मग जुगाराचा अड्डा, पुस्तकाच्या दुकानाआड चाललेला भलताच धंदा, एकामागून एक खून आणि जनरलची थोरली मुलगी व्हिव्हियन (लॉरेन बकॉल), सगळं त्याच्या गळ्यात पडतं.

गोष्ट पहिल्या फटक्यात कुणालाच पूर्ण कळत नाही, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जनरलच्या ड्रायव्हरला नक्की कोणी मारलं हे सिनेमा बनवणाऱ्यांनाही कळेना, तेव्हा त्यांनी तार करून थेट चँडलरलाच विचारलं, तर तो म्हणाला मलाही माहीत नाही! आणि पटकथा काही ऐऱ्यागैऱ्यांची नव्हती हां, विल्यम फॉकनर (ज्याला पुढे नोबेल मिळालं), ली ब्रॅकेट आणि ज्यूल्स फर्थमन अशा तिघांनी लिहिलेली.

तरीही लोक परत परत बघतात, कारण इथे खुनी कोण यापेक्षा मार्लो समोरच्याशी कसा बोलतो यात जास्त मजा आहे. सुरुवातीचाच सीन घ्या, ऑर्किडच्या उकडणाऱ्या काचघरात जनरल अंगावर पांघरूण घेऊन बसलाय, त्याला स्वतःला प्यायची बंदी म्हणून तो मार्लोला ब्रँडी पाजतो आणि नुसतं बघून समाधान मानतो, इकडे मार्लो घामाने निथळतोय. किंवा बाहेर पाऊस लागलाय आणि पुस्तकाच्या दुकानातली चष्मेवाली मुलगी (डोरोथी मलोन) मार्लोसाठी दुकानच बंद करते, तो सीन. ती एवढ्यापुरतीच येते, पण लक्षात राहते.

सिनेमा खरं तर १९४५ च्या सुरुवातीलाच शूट होऊन तयार होता, पण युद्ध संपत आलं तसं स्टुडिओने युद्धपट आधी प्रदर्शित करून टाकले आणि हा डब्यात राहिला, फक्त परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना तेवढा दाखवला. मधे बोगार्ट-बकॉलचं लग्न झालं, बकॉलच्या दुसऱ्या एका सिनेमावर टीका झाली, मग तिच्या एजंटच्या सांगण्यावरून १९४६ मध्ये दोघांचे आणखी सीन घेतले. घोड्यांच्या शर्यतीबद्दलचा प्रसिद्ध संवाद (घोडे नावालाच, बोलणं दोघांचं एकमेकांबद्दल चाललंय आणि सेन्सॉरने ते जाऊ दिलं) तेव्हाचाच. जागा करायला काय कापलं, तर मार्लो पोलिसांना आणि सरकारी वकिलाला सगळी केस नीट समजावून सांगतो तो सीन!

ती १९४५ ची प्रत १९९७ मध्ये परत थिएटरात आली. त्यात केस बरीच उलगडते पण घोडे नाहीत, म्हणून पहिल्यांदा बघणार असाल तर १९४६ वालीच बघा.