बनगरवाडी: पात्रं, शब्द आणि सांगायची तऱ्हा

बनगरवाडी ही व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीची गोष्ट आहे, मुलूख औंध संस्थानचा, काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत संपतं, पण अभ्यासाला घेतलं की लोकांची पंचाईत होते कारण यात नायक कोण हेच पटकन सांगता येत नाही. गोष्ट सांगतो तो राजाराम सौंदणीकर, नुकताच नोकरीला लागलेला पोरसवदा मास्तर, सगळं 'मी' म्हणून सांगतो खरा, पण स्वतःबद्दल फार बोलतच नाही, वाडीच बघत बसतो. म्हणून नायक विचारला तर सरळ 'वाडी' असं लिहावं.

बाकीची माणसं दोन-चार रेघांत उभी राहतात (माडगूळकर चित्रंही काढायचे, ते इथे दिसतं). म्हातारा कारभारी, ज्याच्या शब्दावर वाडी चालते. त्याची पोर अंजी, ती मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते आणि तेवढ्या साध्या गोष्टीवरून कारभाऱ्याचं डोकं फिरतं. आनंदा रामोशी चोऱ्या करणारा तरी आवडून जाणारा, आयबू हा मास्तरच्या सावलीसारखा, आणि दादू बालट्या म्हणजे काड्या घालणारा, असा एक प्रत्येक गावात असतोच. शेकूला औताला बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. हा प्रसंग लेखक इतक्या थंडपणे सांगून मोकळा होतो की आपणच दोनदा वाचतो, रडारड नाही, भाष्य नाही, काही नाही.

अलंकार शोधायला बसलं तर हाताला कमी लागतं. वाक्यं तोकडी, उपमा आल्या तर मेंढरं, पाखरं, रान, माती यातूनच. खरी गंमत दोन भाषांची आहे, मास्तर सांगतो ते प्रमाण मराठीत आणि धनगर तोंड उघडतात ते माणदेशी बोलीत, त्यामुळे मास्तर कितीही मिसळला तरी बाहेरचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, कानालाच कळतं. ग्रामीण म्हणजे चार गावरान शिव्या घातल्या की झालं असं समजणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

शब्दांचं म्हणाल तर औत म्हणजे नांगर-कुळव वगैरे बैल जुंपून चालवायचं अवजार, जू म्हणजे बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड, घोंगडं धनगराचं अंथरूण-पांघरूण-छत्री सगळंच, आणि तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा असलेली इमारत. ही तालीम महत्त्वाची. मास्तरच्या पुढाकारानं सगळी वाडी राबून ती बांधते, उद्घाटनाला औंधचे राजे येतात, वाडी एक झाल्याची खूण म्हणून तिच्याकडे बघता येतं. पण खूण म्हणून वाचताना ती आधी दगडमातीची इमारत आहे हे विसरू नये, नाहीतर सगळीकडे प्रतीकंच दिसायला लागतात.

रचना गोल आहे. सुरुवातीला मास्तर एकटा चालत वाडीकडे येतो. पुढे कारभारी वारतो, मग दुष्काळ पडतो, चारा-पाणी संपतं, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि शेवटी मास्तरही रिकाम्या वाडीतून निघतो, पुन्हा पायीच.

१९९५ साली अमोल पालेकरांनी यावर सिनेमा केला.