खाली बसवलेली पिकअप मूळ उंचीला आणणे

पिकअप ट्रकचे सस्पेन्शन बदलून किंवा कापून तो रस्त्यालगत आणला असेल, तर ते बदल उलटवून गाडी कारखान्यातून आली त्या उंचीला नेणे, किंवा त्याहूनही वर उचलणे, हे या नोंदीतले काम. ते मुख्यतः अमेरिकेतले आहे. तिथे पिकअप वीस-तीस वर्षे हातोहात फिरते. पहिल्या मालकाने दिसण्यासाठी ती खाली बसवलेली असते, आणि तिसऱ्याला तिच्यातून लाकूड किंवा वाळू न्यायची असते.

गाडी खाली बसवण्याचा नाद दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. चाकाच्या रिमपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असा कायदा त्या राज्यात १९५८ पासून लागू झाला आणि त्याचा जाच मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतल्या गाड्यांना सर्वाधिक झाला. त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे यांनी १९५९ च्या सुमारास तोड काढली. विमानांच्या मोडीतले हायड्रॉलिक पंप त्यांनी आपल्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचे, गाडी कायदेशीर उंचीला! मूळ उंचीला परत येण्याचा इतका सोपा मार्ग नंतर फारसा कुणाला सापडलेला नाही. तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. पिकअपवाल्यांनी बहुतेक वेळा पंपांचा खर्च टाळून कायमची उतरवणी पत्करली, म्हणून परतीचे काम पाना आणि जॅक घेऊनच करावे लागते.

‘मूळ उंची’ म्हणजे नेमकी किती, इथेच पहिला घोळ होतो. जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप धरून काही कळत नाही, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजले तर निदान टायरचा प्रश्न उरत नाही. शिवाय रिकाम्या पिकअपचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा उंचच असतो. माल भरल्यावर तो खाली बसेल, हा हिशेब कारखान्याने आधीच केलेला असतो. पुढे-मागे सारखी उंची दिसली म्हणजे गाडी मूळपदावर आली, असे समजणारा मालक प्रत्यक्षात मागून दबलेली गाडी घेऊन फिरत असतो. काही गाड्या तर कारखान्यातूनच खाली बसवलेल्या निघाल्या. शेव्हर्ले एस-१० या छोट्या पिकअपचा झेडक्यू८ हा प्रकार साध्या एस-१० पेक्षा सुमारे २ इंच खाली असे. अशा गाडीला साध्या मॉडेलच्या स्प्रिंगा घातल्या, तर ती पूर्ववत झाली म्हणायचे की उचलली, हे मालकाने ठरवावे.

उदाहरणादाखल १९८८ ते १९९८ या पिढीतली शेव्हर्ले सी१५०० ही फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी पिकअप घेऊ. हिची सर्वांत रुळलेली उतरवणी पुढे ४ इंच, मागे ६ इंच. पुढच्या ४ इंचांपैकी २ इंच ‘ड्रॉप स्पिंडल’मुळे येतात. स्पिंडल म्हणजे पुढचे चाक ज्यावर फिरते तो भाग. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस मूळ जागेपेक्षा वर सरकवलेला असतो, त्यामुळे स्पिंडलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे कंट्रोल आर्मचे, कोन बिघडत नाहीत. उरलेले २ इंच आखूड स्प्रिंगांचे. मागे वेटोळ्यांच्या स्प्रिंगांऐवजी पोलादी पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. एक्सल मुळात या पाट्यांच्या खाली असतो, तो पाट्यांच्या वर नेतात. एक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या थप्पीची जाडी एकत्र धरली की जवळपास ६ इंच भरतात. एवढा वर आलेला एक्सल खड्ड्यात चासीवर आदळतो. म्हणून त्याच्या डोक्यावर चासीला अर्धगोल खाच घेतात आणि पोलादी पट्टी ठोकून ती बळकट करतात. या खाचेला सी-नॉच म्हणतात.

परतताना बोल्टने जोडलेले सुटते, कापलेले मात्र जाग्यावर येत नाही. स्पिंडल बदलणे कष्टाचे, पण सरळ काम आहे. मोडीत निघालेल्या गाडीवरून मूळ जोडी मिळते, आणि हात लागलाच आहे तर स्पिंडल आणि कंट्रोल आर्म जोडणारे बॉल जॉइंट नवे घालून घ्यावेत. स्प्रिंग मात्र ग्राइंडरने कापलेली असेल, तर ती टाकूनच द्यावी. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ताठही होते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेली स्प्रिंग आणखी वाईट, तिच्यातला पोलादाचा ताव गेलेला असतो. दुसऱ्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगाही पंचवीस वर्षांत दमलेल्या असतात, म्हणून इथे नवी जोडी घ्यावी. पुढची स्प्रिंग काढताना खालच्या आर्मखाली जॅक हवाच, आणि स्प्रिंगेतून साखळी ओवून ती चासीला बांधलेली हवी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात वाचत नाही.

मागच्या कामातली मेख मधल्या बोल्टात आहे. पाट्यांची थप्पी ज्या सेंटर बोल्टने एकत्र धरलेली असते, त्याचे डोके एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते आणि एक्सल नेमक्या जागी राहतो. एक्सल पाट्यांच्या वर नेताना बरेच जण हा बोल्ट उलटा घालतात. परत खाली आणताना तो पुन्हा उलटवावा लागतो, नाहीतर बैठकीत नटाचे टोक येते आणि पाटे नीट टेकत नाहीत. बोल्ट काढण्याआधी थप्पीला दोन्ही बाजूंनी शिकंजा लावला नाही, तर पाटे पंख्यासारखे पसरतात. एक्सल आणि पाटे एकत्र आवळणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो. एक्सलच्या वरच्या अंगाच्या मूळ बैठकी कुणी घासून काढल्या असतील, तर नव्या वेल्ड कराव्या लागतात, आणि तेव्हा एक्सलचा कोन चुकला की प्रोपेलर शाफ्ट विशिष्ट वेगाला थरथरू लागतो. सी-नॉचची खाच तशीच ठेवायला हरकत नाही, पट्टी मजबूत असली म्हणजे झाले. पण खाच घेताना काढून फेकलेले, एक्सलचा धक्का झेलणारे रबरी ठोकळे नव्याने बसवलेच पाहिजेत. उतरवलेल्या गाडीचे आखूड शॉक ॲब्सॉर्बरही बदलावे लागतात, कारण एक्सल लटकला की ते पुरते ताणले जातात.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट अगदी शेवटी येते. कंट्रोल आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यातले बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले, तर त्या सांध्यांतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत जखडले जातात. गाडी जमिनीवर उतरली की ते मागे ओढतात, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट आधी सैल ठेवून, गाडी चाकांवर उभी करून, दोन-चार वेळा दाबून मगच आवळायचे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. ती न करता ‘टायर आतून का झिजतोय’ असे विचारत येणारे गिऱ्हाईक प्रत्येक गॅरेजच्या ओळखीचे असते.

मूळ उंचीच्याही वर जायचे, तर बॉडी आणि चासी यांच्यामध्ये २-३ इंचांचे ठोकळे घालून बॉडी वर घेता येते. सस्पेन्शन तसेच राहते, पण जमिनीपासूनचे अंतर वाढत नाही, फक्त मोठे टायर मावतात. दोन चाकांच्या जोराच्या गाडीला लिफ्ट स्पिंडल, म्हणजे चाकाचा आस मूळ जागेपेक्षा खाली असलेले स्पिंडल, हा चांगला उपाय. चार चाकांच्या जोराच्या गाडीत पुढे स्प्रिंगेचे काम करणारा पिळदार दांडा, म्हणजे टॉर्शन बार, असेल तर तो पिळून पुढचा भाग चढवणे स्वस्त पडते खरे, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि चाल दगडासारखी होते. मागे एक्सल आणि पाटे यांच्यात ठोकळे चालतात, पुढच्या एक्सलला ते कधीच घालू नयेत. महाराष्ट्रातल्या माल-पिकअपला आणखी एक पाटा चढवून घेण्याची पद्धत वाचकांना ठाऊक असेल. तिथेही उंची वाढते, पण हेतू वजनाचा असतो. भारतात गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ने मनाई आहे, त्यामुळे अमेरिकेतले हे प्रयोग इथे जसेच्या तसे करता येत नाहीत.

तिकडेही मोकळे रान नाही. अमेरिकी नियमानुसार हेडलाइट जमिनीपासून २२ ते ५४ इंचांच्या दरम्यान असावे लागतात. नाक वर आणि शेपूट खाली अशा ढबीच्या गाड्यांना नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी घातली. उंची बदलली की हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा लागतो, आणि काही पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या टोयोटांमध्ये, मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडपही तपासावी लागते. ही झडप एका दांड्याने एक्सलला जोडलेली असते आणि चासी-एक्सलमधल्या अंतरावरून गाडीत माल किती आहे ते ओळखते. उतरवलेली गाडी तिला भरलेली वाटते, तेव्हा मागची चाके ब्रेकला लवकर जाम होतात. उचललेली गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक नावापुरते लागतात. उतरवताना कुणी तो दांडा वाकवून ठेवला असेल, तर मूळ उंचीला आलेल्या गाडीतही झडपेची समजूत चुकीचीच राहते.